ह्युंदाई आणि दक्षिण कोरियाची निर्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोरियाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'सरकारने मनावर घेतलं आणि देश उभा राहिला' हे एक, आणि 'चार धाडसी उद्योगपतींनी करून दाखवलं' हे दुसरं. ह्युंदाईचा इतिहास बारकाईने वाचला की दोन्ही अपुरी वाटायला लागतात. या विषयावर बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

ह्युंदाई म्हणजे मोटारींची कंपनी ना? देशाच्या औद्योगिक वाढीशी तिचा एवढा काय संबंध?

मोटारी नंतर आल्या. संस्थापक चुंग जू-युंग यांचा जन्म १९१५ सालचा, आज उत्तर कोरियात असलेल्या एका खेड्यातला. घरची शेती. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते सोलला पळाले, तांदळाच्या दुकानात कामाला लागले, पुढे मोटार दुरुस्तीचं गॅरेज काढलं. १९४७ मध्ये त्यांनी बांधकाम कंपनी सुरू केली आणि समूहाचा खरा पाया तीच. कोरियन युद्धात पडलेले पूल, अमेरिकी सैन्याची कामं, धरणं, रस्ते. त्यातून सिमेंट आलं, मग १९६७ मध्ये मोटारी, १९७० च्या दशकात जहाजं, जहाज वाहतूक, १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स. सरकारने एखादा उद्योग 'देशाला हवा' म्हणून जाहीर करावा आणि पुढच्या काही वर्षांत त्यात ह्युंदाईचा कारखाना दिसावा, असं बरीच वर्षं चाललं. म्हणूनच या एका समूहाचा इतिहास वाचताना देशाच्या धोरणाचा इतिहासही आपोआप वाचला जातो.

चेबॉल म्हणजे काय?

एका कुटुंबाच्या ताब्यातला, एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या अनेक धंद्यांत पसरलेला उद्योगसमूह. शब्दाचा अर्थ साधारण 'धनाढ्य घराणं' असा. जपानमधल्या अशाच घराण्यांच्या उद्योगसमूहांना झायबात्सु म्हणत; त्या शब्दाचीच चिनी अक्षरं कोरियन उच्चाराने वाचली की चेबॉल होतं. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. झायबात्सुंच्या स्वतःच्या बँका होत्या. चेबॉलच्या हातात बँका टिकल्या नाहीत. १९६१ च्या लष्करी उठावानंतर पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने व्यापारी बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या आणि कर्जाची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

निर्यातीवरच भर का दिला?

दुसरा मार्ग दिसत नव्हता म्हणून. १९६० च्या सुमारास माणशी वार्षिक उत्पन्न शंभर डॉलरच्या आत होतं. फाळणीमुळे खाणी, वीज आणि जड उद्योग मुख्यतः उत्तरेकडे गेलेले, युद्धाने उरलंसुरलं मोडलेलं, आणि परकीय चलन यायचं ते मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या मदतीतून. ती मदतही आटत चालली होती. देशातली बाजारपेठ लहान आणि गरीब. यंत्रं, तेल, कापूस बाहेरून आणायचा तर डॉलर हवेत, आणि डॉलर हवेत तर काहीतरी विकायला हवं. १९६४ मध्ये वॉन या कोरियन चलनाचं मोठं अवमूल्यन झालं. डॉलरचा भाव १३० वॉनवरून २५५ वर गेला आणि कोरियन माल बाहेर स्वस्त झाला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला वर्षाची निर्यात १० कोटी डॉलरवर पोचली आणि तो दिवस 'निर्यात दिन' म्हणून साजरा होऊ लागला. १९७७ मध्ये हाच आकडा १,००० कोटी डॉलर झाला. तेरा वर्षांत शंभरपट.

सरकार 'मदत' करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि उत्तर बहुतेक वेळा 'स्वस्त कर्ज' एवढ्यावर संपतं. खरी गंमत कर्ज मिळण्याच्या अटीत आहे.

१९६५ च्या व्याजदर सुधारणेनंतर साध्या कर्जाला वर्षाला २६ टक्क्यांच्या आसपास व्याज पडत होतं. निर्यातीच्या कर्जाला साधारण साडेसहा टक्के. महागाईचा दर बघता हे पैसे जवळपास फुकटच होते. आणि हे कर्ज मिळवायला ओळख लागत नव्हती, एक कागद लागत होता. परदेशी ग्राहकाचं एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: मालाचे पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची लेखी हमी. ते हातात घेऊन बँकेत गेलं की कर्ज जवळपास आपोआप मिळायचं. निर्यातदाराला सुटा माल पुरवणाऱ्या देशांतर्गत कारखानदारालाही तशाच सवलती मिळतील अशी सोय पुढे झाली. निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल शुल्काशिवाय आणता यायचा. त्यात थोडी 'तूट-फूट' धरलेली असायची आणि वाचलेला माल देशात चढ्या भावाने विकता यायचा. कायदेशीर सवलतीचाच एक भाग होता तो.

दुसऱ्या बाजूला हिशेब मागणारी व्यवस्था होती. दर महिन्याला निर्यात प्रोत्साहन बैठक भरायची आणि पार्क स्वतः अध्यक्षस्थानी बसायचे. कोणत्या मालाचं किती उद्दिष्ट, कोणत्या देशात किती विक्री, कुठे माल अडकला, हे तक्त्यांसकट मांडलं जायचं. बंदरात जकातीवरून एखादी खेप अडली असेल तर संबंधित मंत्री त्याच खोलीत असायचा.

मग ही बड्यांना दिलेली खिरापत नव्हती का?

बऱ्याच अंशी होती, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने हुकूम काढून कंपन्यांनी खासगी सावकारांकडून घेतलेली कर्जं गोठवली आणि त्यांवरचं व्याज खाली आणलं. म्हणजे कंपन्यांचं ओझं बचत करणाऱ्या साध्या माणसांच्या डोक्यावर गेलं. देशातल्या ग्राहकाला वर्षानुवर्षं परदेशी मोटार जवळपास मिळतच नव्हती आणि देशी मोटारीला तो परदेशातल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त किंमत मोजत होता. बाहेर तोट्यात विकलेल्या गाडीची भरपाई घरच्या ग्राहकाच्या खिशातून होत होती.

तरीही एक फरक मला मोलाचा वाटतो. फुकटात संरक्षण मिळालेले कारखाने जगभर पुष्कळ झाले आणि बरेचसे कायम बाळच राहिले. कोरियात संरक्षणासोबत परीक्षाही होती, आणि परीक्षक देशाबाहेर बसलेला होता. मंत्र्याशी कितीही घरोबा असला तरी बाहेरच्या ग्राहकाला वेल्डिंग पसंत पडलं नाही तर तो जहाज घेणार नाही. परीक्षेत ढील होती, कॉपीही चालायची, पण निकाल कारखान्याच्या हातात नव्हता.

चाबूक मात्र नेहमी न्यायाने चालला असं समजू नये. १९८५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या समूहांपैकी एक असलेला, पादत्राणांच्या निर्यातीतून वाढलेला कुकजे समूह सरकारने मोडीत काढला. १९९३ मध्ये घटना न्यायालयाने ती कारवाई घटनाबाह्य ठरवली. आणि १९८८ मध्ये संसदेच्या सुनावणीत, माजी राष्ट्राध्यक्षांशी जोडलेल्या संस्थेला देणग्या का दिल्या असं विचारल्यावर, चुंग यांनी सुखाने राहता यावं म्हणून दिल्या, अशा अर्थाचं उत्तर सरळ दिलं होतं.

सुरुवातीची निर्यात ह्युंदाईनेच उभी केली का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. १९६० च्या दशकातली निर्यात म्हणजे कापड, शिवलेले कपडे, प्लायवूड आणि केसांचे टोप. १९७० च्या सुमारास केसांचे टोप देशाच्या पहिल्या काही निर्यात वस्तूंमध्ये होते. हे काम करणाऱ्या बहुतेक मुली खेड्यांतून आलेल्या. सोलमधल्या गुरो औद्योगिक वसाहतीत आणि शहरातल्या कपड्यांच्या बाजारांच्या माळ्यांवर त्या चौदा-चौदा तास बसायच्या. १३ नोव्हेंबर १९७० रोजी चॉन ते-इल या बावीस वर्षांच्या शिंपीकाम करणाऱ्या तरुणाने सोलच्या प्योंगह्वा बाजारापाशी, कामगार कायदा पाळा अशी मागणी करत स्वतःला पेटवून घेतलं. जहाजांचे आणि मोटारींचे कारखाने उभारताना देशाची जी पत वापरली गेली, तिचे पहिले डॉलर या मुलींच्या शिलाईतून आले होते. ह्युंदाईने त्या काळात परकीय चलन आणलं ते मुख्यतः बांधकामातून: १९६५ मध्ये थायलंडमधल्या पत्तानी-नराथिवात रस्त्याचं कंत्राट आणि व्हिएतनाम युद्धाच्या वेळची तिथली कामं. थायलंडच्या रस्त्यात कंपनीला खोट आली. पण आधुनिक यंत्रांनी रस्ता कसा बांधतात हे माणसं तिथे शिकली.

पाचशे वॉनच्या नोटेची गोष्ट खरी आहे का?

चुंग स्वतः ती सांगत. १९७१ मध्ये ते जहाज कारखान्यासाठी कर्ज मिळवायला लंडनला गेले होते. बार्कलेज बँकेपर्यंत पोचायला ए अँड पी ॲपलडोअर या सल्लागार कंपनीचे चार्ल्स लाँगबॉटम यांची शिफारस हवी होती. ते तयार नव्हते. तेव्हा चुंग यांनी खिशातून पाचशे वॉनची नोट काढून टेबलावर ठेवली. त्या नोटेवर गबुकसॉन, म्हणजे कासवजहाजाचं चित्र होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी आक्रमणाच्या वेळी सरदार यी सुन-शिन यांनी वापरलेलं हे युद्धजहाज. 'आम्ही हे तुमच्या कितीतरी आधी बांधलंय, मधे फक्त उशीर झाला,' असा त्यांचा युक्तिवाद.

गोष्ट सुंदर आहे, पण कर्ज नोटेवर मिळालं नाही. ब्रिटनच्या निर्यात पतहमी खात्याला विचारायचं होतं ते एवढंच: जहाज विकत घेणार कोण? तेव्हा चुंग यांच्याकडे दाखवायला उल्सान शहराजवळच्या मिपो खाडीतला मोकळा किनारा आणि उसने आणलेले आराखडे होते. ग्रीक जहाजमालक जॉर्ज लिव्हानोस यांनी प्रत्येकी सुमारे २ लाख ६० हजार टनांच्या दोन तेलवाहू जहाजांची ऑर्डर दिली, तीही स्वस्तात. मग कर्जाचं गाडं हललं. कोरियन सरकारची हमी पाठीशी होतीच.

पुढे जे झालं ते मला नोटेपेक्षा जास्त थक्क करणारं वाटतं. मार्च १९७२ मध्ये भूमिपूजन झालं आणि गोदी खोदता खोदताच जहाजाचं काम सुरू झालं. कामगार, अभियंते प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडच्या स्कॉट लिथगो गोदीत पाठवले, कारण आराखडेही तिथूनच आले होते. ज्यांनी आयुष्यात एवढं जहाज पाहिलं नव्हतं, ते पोलादाचे ठोकळे जोडायला उभे राहिले. जून १९७४ मध्ये पहिली जहाजं आणि कारखाना बरोबरच पूर्ण झाले.

लगेच तेलाचा भडका उडाला. तरी ह्युंदाई बुडाली कशी नाही?

बुडायला आलीच होती. १९७३ च्या अखेरीस तेल महागलं, तेलवाहू जहाजांची गरज कोसळली, ग्राहकांनी ऑर्डरी रद्द केल्या किंवा तयार जहाज घ्यायला नकार दिला. तीन महाकाय जहाजं उल्सानमध्ये पडून राहिली. चुंग यांनी १९७६ मध्ये स्वतःचीच जहाज वाहतूक कंपनी काढली आणि ती जहाजं तिला दिली. कोरियाला तेल आणायचंच होतं, ते कोरियन जहाजांतून यावं यासाठी सरकारनेही बळ दिलं. गळ्याशी आलेल्या मालातून नवा धंदा निघाला.

दुसरी वाट जिथे पैसा गेला होता तिथेच होती. १९७६ मध्ये सौदी अरेबियातल्या जुबैलच्या औद्योगिक बंदराचं सुमारे ९३ कोटी डॉलरचं कंत्राट ह्युंदाईने मिळवलं. कोरियन सरकारच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या जवळपास पाव रक्कम! समुद्रात धक्का उभारण्यासाठी दहा मजली इमारतीएवढे उंच, प्रत्येकी साडेपाचशे टनांचे पोलादी सांगाडे लागणार होते. ते जागेवर बांधण्याऐवजी उल्सानच्या गोदीत बांधले आणि तराफ्यांवर चढवून, टगबोटींनी ओढत, हिंदी महासागर ओलांडून नेले. मोसमी वाऱ्यांच्या वाटेवरून. समूहाच्या आकाराचा उपयोग कुठे होतो ते इथे नेमकं दिसतं: मंदीत रिकामी पडलेली गोदी बांधकाम विभागाच्या कामी आली, पोलाद १९७३ पासून पोहांगच्या कारखान्यात तयार होऊ लागलं होतं, आणि डॉलर घरी आले.

ह्युंदाईची पोनी ही खरंच 'कोरियन' गाडी होती का?

डिझाइन इटलीच्या जॉर्जेतो जुजारोंचं, इंजिन मित्सुबिशीचं, विकासाची सूत्रं ब्रिटनच्या जॉर्ज टर्नबुल यांच्याकडे. असं असूनही माझं उत्तर 'हो' आहे. आधी ह्युंदाई फोर्डची कॉर्टिना जोडून विकत होती. पुढची भागीदारीची बोलणी फिसकटली, आणि ह्युंदाईने तंत्रज्ञान सुटं सुटं विकत घेतलं, निर्णयाचा हक्क कुणाला दिला नाही. १९७४ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात मांडलेली पोनी १९७६ मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या गाड्या इक्वेडोरला रवाना झाल्या. परदेशी भागीदाराच्या हातात लगाम असता तर निर्यातीचा देश त्याने ठरवला असता. स्वतःचं इंजिन मात्र १९९१ पर्यंत आलं नाही.

अमेरिकेत विकलेल्या ह्युंदाईच्या एक्सेल गाडीचं काय झालं?

१९८६ मध्ये ४,९९५ डॉलरला विकायला काढली आणि पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या खपल्या. मग गाड्या बिघडायला लागल्या आणि नाव इतकं खराब झालं की भरून यायला दहा-पंधरा वर्षं गेली. १९९८ मध्ये कंपनीने अमेरिकेत इंजिन आणि गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची हमी जाहीर केली. तेव्हा कुठे ग्राहक परत फिरकले.

दहा मोठ्या समूहांची विक्री राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६७ टक्के होती असं वाचलं. म्हणजे दोन तृतीयांश देश त्यांचाच?

आकडा बरोबर आहे, अर्थ चुकतो. १९८४ मध्ये पहिल्या दहा चेबॉलची एकत्रित विक्री राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६७.४ टक्के एवढी भरत होती, १९७४ मध्ये हेच प्रमाण १५.१ टक्के होतं. पण विक्री आणि मूल्यवृद्धी (म्हणजे विकत घेतलेल्या मालावर कंपनीने स्वतः घातलेली भर) वेगळ्या; राष्ट्रीय उत्पन्न मोजतात ते मूल्यवृद्धीने. पोलाद जहाजात गेलं, जहाज समूहाच्याच व्यापारी कंपनीने विकलं, की तोच पैसा दोन-तीनदा मोजला जातो. शिवाय १९७५ पासून सरकारने नेमलेल्या 'सर्वसाधारण व्यापार कंपन्या' लहान कारखान्यांचा मालही स्वतःच्या नावाने निर्यात करत. वाढीचा वेग मात्र खरा, आणि काळजी वाटावी असाच होता.

कामगारांच्या वाट्याला काय आलं?

पगार वाढले, घरं झाली, मुलं शिकली. हे खरं. पण उल्सानच्या कारखान्यांत केस किती लांब ठेवायचे हेही कंपनी ठरवायची आणि फाटकावर ते तपासलं जायचं. १९८७ च्या जूनमध्ये लोकशाहीच्या आंदोलनाने हुकूमशाही हलली आणि लगेच जुलैमध्ये उल्सानला ह्युंदाई इंजिन या समूहातल्या कंपनीत कामगार संघटना स्थापन झाली. पाहता पाहता संपाची लाट देशभर पसरली. मागण्यांच्या यादीत पगारवाढीइतकीच ठळक मागणी केस वाढवण्याच्या मोकळिकीची होती. मला ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हापासून विसरता आलेली नाही. माणसाला पैशाबरोबर मान हवा होता.

१९९७ च्या संकटाला चेबॉल जबाबदार होते का?

एकटे नाही, पण मोठा वाटा त्यांचा. त्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या तीस समूहांवरचं कर्ज स्वतःच्या भांडवलाच्या पाचपटीहून अधिक होतं. निर्यात वाढत राहील या भरवशावर घेतलेलं, बरंचसं अल्पमुदतीचं. एकमेकांच्या कर्जाला समूहातल्याच कंपन्यांची हमी. डिसेंबर १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला. लोकांनी लग्नातल्या अंगठ्या रांगा लावून देशासाठी जमा केल्या, दोनशे टनांहून अधिक सोनं. आणि १९९८ च्या उन्हाळ्यात ह्युंदाई मोटारमधल्या कपातीविरुद्धचा संप मिटला तेव्हा तडजोडीत नोकरी गमावलेल्या २७७ जणांत निम्म्याहून अधिक कँटीनमध्ये जेवण रांधणाऱ्या बायका होत्या.

चेबॉलशिवाय हे जमलं असतं का?

तैवानने मुख्यतः लहान-मध्यम कारखान्यांच्या जोरावर जमवलं. म्हणजे निर्यातप्रधान वाढीला राक्षसी समूह अटळ नाहीत. जहाजं, मोटारी यांसारख्या धंद्यांत, जिथे दहा वर्षं तोटा सोसावा लागतो, तिथे मात्र कोरियाचा मार्ग वेगाने पोचला. किंमतही तेवढीच मोठी होती.

आज ह्युंदाई एकच आहे का?

नाही. २००० मध्ये मुलांमध्ये वारसाहक्काचं उघड भांडण झालं, २००१ मध्ये चुंग गेले, आणि समूह फुटला. मोटार, जहाजबांधणी, डिपार्टमेंट स्टोअर वेगळे झाले. चिपचा धंदा आज एसके हायनिक्स या नावाने चालतो. नाकारलेल्या जहाजांतून जन्मलेली वाहतूक कंपनी एचएमएम म्हणून चालू आहे.

नावाचा उच्चार काय?

कोरियनमध्ये 'ह्यॉन्दे'च्या जवळचा. अर्थ 'आधुनिक'.

या सगळ्याची एखादी खूण प्रत्यक्ष पाहता येते का?

उल्सानला जहाज कारखान्याच्या अवाढव्य क्रेन दुरूनही दिसतात. पण मी सांगेन ती जागा वेगळी आहे. सोल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा महामार्ग फेब्रुवारी १९६८ ते जुलै १९७० एवढ्या काळात बांधला गेला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा ह्युंदाईचा होता. थायलंडमध्ये तोटा सोसून शिकलेली विद्या इथे वापरली गेली. याच रस्त्याने कारखान्यांतला माल बुसान बंदराकडे धावू लागला. सर्वांत अवघड तुकडा ओकचॉनजवळचा दांगजे बोगदा, तिथला डोंगर पुन्हा पुन्हा ढासळायचा. महामार्गावर त्याच भागात गुमगांग विश्रांतीस्थानाजवळ एक स्मारक उभं आहे. रस्ता बांधताना मेलेल्या ७७ माणसांची नावं त्यावर कोरलेली आहेत.